आधी कामांची यादी, मग लिनक्सचं नाव

अगं, तुझा मेसेज वाचला. विंडोज ११ लॅपटॉपवर चढत नाही, स्टेशनबाहेरचा दुकानवाला म्हणतो ‘नवाच घ्या मॅडम’, आणि वर्गातला कुणीतरी म्हणतो लिनक्स टाक, फुकट आहे. खाली तू नावांची रांगच लावलीस: मिंट, उबंटू, फेडोरा, डेबियन, झोरिन, काली, आर्च. आणि शेवटी, ‘ताई, यातलं कुठलं घेऊ?’

नाव सांगते, पण लगेच नाही. कारण नवशिक्या माणसाची फजिती नाव चुकल्याने फारशी होत नाही. आपली रोजची कामं न तपासता उडी मारली की होते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. लॅपटॉप बिघडलेला नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार थांबवला. त्यानंतरही लॅपटॉप चालतो, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुझा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह त्या यादीत बसत नाही, एवढंच. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोय ठेवली आहे. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी होते. ती करून टाक, म्हणजे मानेवर बसलेली घाई उतरेल. परीक्षेच्या तोंडावर तर ऑपरेटिंग सिस्टिमला हातच लावायचा नाही.

आता फुकटाबद्दल. अंधेरी घे, घाटकोपर घे, मुलुंड घे, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, वर ऑफिस फ्री’ म्हणणारा एक तरी दुकानवाला गल्लीत असतोच. ते विंडोज बहुतेक वेळा क्रॅक केलेलं असतं, आणि क्रॅक चालवताना पहिली सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. म्हणजे कुणी लिहिलाय ते माहीत नसलेला प्रोग्राम पूर्ण अधिकार घेऊन तुझ्या लॅपटॉपमध्ये बसतो, आणि त्याच लॅपटॉपवरून आई नेट बँकिंग करते. हे फुकट फार महागात पडू शकतं.

लिनक्सचं फुकट वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच विचाराने, की सॉफ्टवेअर वापरायचा, उघडून बघायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क वापरणाऱ्याला हवा. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याला जोडता येईल असा गाभा लिहिला, तो लिनक्स. तुझा अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७पासून लिनक्सवर आहेत. तेव्हा ‘फुकटचं म्हणजे कामचलाऊ’ असं कुणी म्हणालं तर फक्त हस आणि पुढे चल.

आता कागद घे. खरंच घे, फोनवर नको. मधे एक उभी रेघ मार. एका बाजूला ‘ब्राउझरमध्ये होतं’, दुसऱ्या बाजूला ‘फक्त विंडोजवर होतं’. आठवडाभर घरातलं कुणीही लॅपटॉप उघडलं की ते काम कुठल्यातरी बाजूला लिहायचं.

पहिली बाजू भराभर भरेल. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, विद्यापीठाचा निकाल, डिजिलॉकर, बँक, मीटवरचा क्लास, यूट्यूब. हे सगळं फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होतं, आणि ते दोन्ही लिनक्सवर आहेत. खाली विंडोज आहे की आणखी काही, याचा त्या कामांशी संबंध नाही.

वर्ड-एक्सेलची कामं मधल्या रेघेवर येतात. लिनक्ससोबत लिबरऑफिस येतं. प्रोजेक्ट, बायोडेटा, हिशेबाचा तक्ता यांना ते पुरेसं आहे. वर्डची फाइल त्यात उघडते, पण गुंतागुंतीचं टेबल असेल तर थोडं सरकतं, आणि मॅक्रो घातलेली एक्सेलची शीट कधी कधी रुसते. म्हणून बाहेर पाठवायची गोष्ट नेहमी पीडीएफ करून पाठवायची. सरांना वर्डचीच फाइल हवी असेल तर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ब्राउझरमध्येही मोफत उघडतं. शेवटचा हात त्यात फिरव.

खरी परीक्षा दुसऱ्या बाजूची. टॅली विंडोजचंच आहे. फोटोशॉप आणि ऑटोकॅड लिनक्ससाठी निघत नाहीत. फोटोशॉपच्या जागी गिंप, क्रिटा, इंकस्केप आहेत आणि चांगले आहेत, पण क्लासमध्ये फोटोशॉप शिकवत असतील तर घरी गिंपवर सराव करून परीक्षेला बसणं हा शहाणपणा नाही. घरून द्यायच्या काही परीक्षांना ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ लागतो. त्याची लिनक्स आवृत्ती नाही. काकांच्या डिजिटल सहीचा टोकन किंवा अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र असेल तर ते ज्याच्याकडून घेतलं त्याला आधी विचारायचं. आणि बाबांच्या मंडळाच्या पत्रिका श्री-लिपीत किंवा ‘शिवाजी’सारख्या जुन्या फाँटात आहेत ना? तो मजकूर युनिकोड नाही. फाँट नसेल तिथे तो निव्वळ अगम्य दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला ‘वाइन’ नावाची सोय आहे हे तुला कुणीतरी सांगेलच. आहे. पण सुरुवातीलाच तिच्या भरवशावर राहू नकोस. आज चाललं, उद्या अडलं असं होतं.

दुसऱ्या बाजूला रोज लागणारं एखादं काम निघालं तर विंडोज काढायचं नाही, लिनक्स शेजारी ठेवायचं. लॅपटॉप सुरू करताना कुठलं उघडायचं ते विचारतो. आणि ती बाजू भरगच्च निघाली, तर बाई, तुझ्यासाठी लिनक्सची वेळ अजून आलेली नाही. त्यात कमीपणा काही नाही.

आता नाव. माझं उत्तर: लिनक्स मिंट. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. सिनॅमनमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, सगळं तुझ्या ओळखीच्या जागी असतं. आईलाही शिकवावं लागणार नाही. मिंट २००६पासून आहे आणि ते उबंटूवर उभं आहे. मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतील, म्हणजे पदवी होऊन नोकरी लागेपर्यंत पुन्हा हा विषय काढायला नको.

कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर मात्र बेलाशक उबंटूच घे, त्यातलंही एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या आधाराचं. ते दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघतं आणि पाच वर्षं सांभाळलं जातं. लॅबमध्ये शिकलेलं घरी जसंच्या तसं चालणं आणि अडलं तर शेजारच्या बाकावरच्या मुलीला विचारता येणं, याची किंमत दिसण्यापेक्षा जास्त आहे. मी बोरिवलीला, तू मुलुंडला. दर वेळी दादरला गाडी बदलून तुझा वायफाय लावायला मी येऊ शकत नाही. जवळच्या चार माणसांना जे येतं, ते तुझ्यासाठी चांगलं.

उरलेल्या नावांचं थोडक्यात सांगते. झोरिनही दिसायला विंडोजसारखं, वाईट नाही. फेडोरा चांगलं, पण दर सहा महिन्यांनी नवं येतं आणि वर्षभराच्या आसपास जुनं सोडावं लागतं. डेबियन भक्कम, स्वयंसेवकांनी चालवलेलं; दुसऱ्या वर्षी बघ. आर्च हे ज्याला सगळं स्वतः जुळवायची हौस आहे त्याच्यासाठी. सीडॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ डेबियनवर बांधलेलं आणि भारतीय भाषांचा विचार केलेलं. पण अडलंस तर त्याची उत्तरं सांगणारी माणसं मिंट-उबंटूइतकी भेटत नाहीत. आणि काली? ते सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे, नवशिक्यांसाठी नाही, हे त्याचे कर्तेच सांगतात. वर्गातल्या मुलांनी काळ्या पडद्याच्या आणि त्याच्या ड्रॅगनच्या चिन्हाच्या नादाने टाकलंय, टाकू देत.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ. जागा भाड्याने घेताना आपण आधी नळ सोडून बघतो ना, पाणी येतं की नाही, तसं. ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घे. त्यावरचं सगळं पुसलं जाणार, म्हणून लग्नाचे फोटो असलेला नको. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवून घे, साधारण तीन जीबीची आहे, रात्री लावून ठेव. रुफस नावाचा छोटासा मोफत प्रोग्राम ती पेनड्राइव्हवर चढवतो. मग लॅपटॉप बंद करायचा, पेनड्राइव्ह लावायचा, आणि सुरू करताच एक बटण दाबत राहायचं: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९. यादी येते, तीत पेनड्राइव्ह निवडायचा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर उघडतो. तो पेनड्राइव्हवरूनच चालतो, आतल्या डिस्कला त्याने हात लावलेला नसतो. ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल, त्यावर आज क्लिक करायचं नाही.

मग एकेक तपास. वायफाय लागतो का? आवाज येतो का, माइकसुद्धा? कॅमेरा? पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का? झाकण मिटून पुन्हा उघडलं की जागा होतो का? टीव्हीला केबल लावली की चित्र दिसतं का? प्रिंटर छापतो का? एचपीचे बरेच प्रिंटर लावताच ओळखले जातात. झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तो कॅननचा एलबीपी २९०० घरी असेल तर त्याचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो आणि त्यात डोकं जातं. वायफाय पहिल्या फटक्यात लागला नाही तर घाबरू नकोस. फोन केबलने जोड आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर; इंटरनेट बहुतेक वेळा लगेच मिळतं. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून हवा तो ड्रायव्हर घालता येतो.

पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं, त्यावरून मत बनवू नकोस. पण जादूचीही अपेक्षा नको. ४ जीबी रॅममध्ये क्रोमचे वीस टॅब उघडलेस तर लिनक्सवरही लॅपटॉप धापा टाकेलच. आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पैसे खर्च करायचेच झाले तर ती काढून एसएसडी बसव. फरक पहिल्या दिवशी दिसतो.

मराठीचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, त्यात मराठीचे दोन पर्याय दिसतात. एक इनस्क्रिप्ट, तो विंडोजवरच्या इनस्क्रिप्टसारखाच आहे. हात बसलेला असेल तर काही नवं शिकायचं नाही. दुसरा ‘कगप’, उच्चाराप्रमाणे चालणारा. फाँटची मात्र एक गंमत आहे. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं पाहिलेला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी रेखाटलेला. ते पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत, नंतर जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत काम करत, म्हणजे आपल्याच उपनगरातले. पण ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, म्हणून तो लिनक्ससोबत येत नाही. त्याच एनसीएसटीतून, जी २००३मध्ये सीडॅकमध्ये विलीन झाली, जोशींचा ‘रघु’ हा देवनागरी फाँट मात्र मुक्त वापरासाठी दिला गेला. आता रेड हॅटने दिलेला ‘लोहित’, गूगलचा ‘नोटो’, मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ असे कितीतरी आहेत. तुझ्या ‘मंगल’मधल्या प्रोजेक्टची अक्षरं नीट वाचता येतील, फक्त ओळी थोड्या सरकतील आणि पानांचा आकडा बदलेल. अनुक्रमणिका शेवटी करायची.

शिकण्यासाठीही लांब जायला नको. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे छोटे धडे, एकट्याने बसून शिकणाऱ्यासाठी लिहिलेले. लिनक्स, लिबरऑफिस, गिंप, पायथन, सगळं आहे, आणि अनेक धडे मराठीत आहेत. पडद्यावर इंग्रजी मेनूच दिसतो, पण बोलणं मराठीत, म्हणजे मेनूतले शब्दही ओळखीचे होतात आणि समजतंही. बघायची रीत त्यांनीच सांगितली आहे: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर तो प्रोग्राम, त्यांनी एक पायरी केली की थांबवायचं, आपण करायची, मग पुढे. नुसतं जेवताना लावून काही उपयोग नाही.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्याच लागतात का? रोजच्या कामाला नाही. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, फोनवरच्या प्ले स्टोअरसारखं शोधायचं आणि घ्यायचं. पण काही अडलं की कुणीतरी ‘ही ओळ पेस्ट कर’ म्हणतं. एकच नियम लक्षात ठेव. ओळीची सुरुवात ‘सुडो’ने होत असेल तर ती पूर्ण अधिकाराने चालते, ती काय करणार ते कळल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. आणि टाइमशिफ्ट नावाची सोय पहिल्याच दिवशी चालू कर. ती सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवते, काही बिघडलं तर मागे जाता येतं. तुझे फोटो आणि फाइली मात्र ती जपत नाही, त्यांची वेगळी प्रत हवीच.

कायमचं टाकायची वेळ आली की क्रम असा. आधी सगळ्या फाइलींची बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलेली. मग विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघ. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव, नाहीतर पुढे तुझ्याच फाइलींना तू पारखी होशील. फास्ट स्टार्टअप बंद कर. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधूनच जागा मोकळी करून घे. इन्स्टॉल करताना एक पायरी येते, ‘शेजारी टाकू की डिस्क पुसू’ अशी. तिथे हात थांबव, पाणी पी, पुन्हा वाच. पुढचं सगळं तो विचारत जातो, चार्जर लावलेला असू दे म्हणजे झालं.

आता दोघींतली गोष्ट. आपल्याकडे लॅपटॉप मुलीच्या नावाने घेतात, पण त्याचा ‘जाणकार’ कुणी दादा, कुणी जिजू, नाहीतर दुकानवाला. मुलीने सेटिंग उघडली की ‘अगं, काहीतरी उडेल’. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांना पाठ, हिला माहीतच नाही. आणि दर वेळी लॅपटॉप दुकानात ठेवला की त्यातले आपले फोटो, आधारची स्कॅन, सेव्ह केलेले पासवर्ड, सगळंच दुकानात राहतं. कोण काय बघतं, आपल्याला कळायचा मार्ग नाही. मी तुला लिनक्स सुचवते ते पैसे वाचतात म्हणून थोडं, आणि यासाठी जास्त. इथे परवाना मागायचा नाही, प्रॉडक्ट की विकत घ्यायची नाही, पुन्हा टाकायचं तर पेनड्राइव्ह तुझ्याच पर्समध्ये.

म्हणून पेनड्राइव्ह तू बनव. दादाला हौस असेल तर शेजारी बसू दे, पण कीबोर्ड तुझ्याकडे. पासवर्ड तू ठरव, आणि इन्स्टॉल करताना डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय मिळाला तर तोही घे. फक्त तो पासवर्ड विसरलीस तर कुणीच उघडू शकणार नाही, हे ध्यानात ठेव. आणि लिनक्स पसंत पडलं नाही, महिन्याभराने विंडोजवर परत जावंसं वाटलं, तर खुशाल जा. कुणाला उत्तर द्यायचं नाही. तोवर पेनड्राइव्ह कसा बनवायचा, बूट कसं करायचं, प्रत कशी ठेवायची हे तुला आलेलं असेल, आणि ते विंडोजवरही तितकंच कामाला येतं.

यादी झाली की तिचा फोटो पाठव. दुसऱ्या बाजूला काय काय निघतंय ते बघू, मग पुढचं बोलू.